पाय बदलला की काय काय बदलतं?

२८ जून २०१४, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं ओमाहा शहर. बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्ड घरच्या प्रेक्षकांसमोर आपलं लाइटवेट विजेतेपद राखायला उतरला होता. समोर होता क्यूबाचा युरिओर्किस गॅम्बोआ, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता. सुरुवातीच्या फेऱ्यांत गॅम्बोआच्या हातांचा वेग क्रॉफर्डला जड जात होता. मग क्रॉफर्डने पायांची अदलाबदल केली. पुढचा डावा पाय मागे नेला आणि उजवा पुढे आणला. पाचव्या फेरीत गॅम्बोआ खाली गेला, आठव्या फेरीत पुन्हा गेला आणि नवव्या फेरीत दोनदा पडल्यावर पंचांनी लढत थांबवली.

अशा लढतींच्या क्लिप्स मोबाइलवर फिरत असतात. त्या पाहून क्लासच्या दुसऱ्याच महिन्यात पाय बदलत नाचणारी पोरं कुठल्याही बॉक्सिंग किंवा किकबॉक्सिंगच्या वर्गात दिसतात. बहुतेकांना त्याचा फायदा होत नाही, उलट मधल्या मध्ये तोंडावर एक जॅब बसतो. क्रॉफर्डला जे मिळालं ते त्यांना का मिळत नाही, हे कळायचं तर रिंगमधल्या चार पावलांचं गणित आधी बघायला हवं. दोन तुमची, दोन समोरच्याची.

डावं पुढे की उजवं पुढे

बॉक्सर समोरच्याकडे सपाट छाती करून उभा राहत नाही. एक पाय पुढे, एक मागे आणि अंग तिरकं, असा त्याचा पवित्रा असतो. डावा पाय आणि डावा हात पुढे, उजवा हात मागे हनुवटीपाशी, हा झाला ऑर्थोडॉक्स पवित्रा. उजवं अंग पुढे आणि डावा हात मागे असेल तर तो साउथपॉ. पुढचा हात समोरच्याच्या जवळ असल्यामुळे लवकर पोचतो आणि त्याचा सरळ ठोसा म्हणजे जॅब. मागच्या हाताला लांबून यावं लागतं, पण त्याच्या पाठीशी मागच्या पायाचा रेटा, कमरेचा पीळ आणि खांद्याचं वजन असतं. म्हणून माणूस आडवा करणारा सरळ ठोसा सहसा मागच्या हाताचा असतो.

त्यावरून साधा हिशोब असा की ताकदीचा हात मागे ठेवायचा. उजव्या हाताचा माणूस ऑर्थोडॉक्स उभा राहणार आणि डावखुरा साउथपॉ. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी कोच एवढंच विचारतात, ‘लिहितोस कुठल्या हाताने?’

पण हा हिशोब दिसतो तितका पक्का नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने बॅटिंग करतो. सौरव गांगुलीचं बरोबर उलट आहे. बॉक्सिंगमध्येही तेच. ऑस्कर डी ला होया आणि मिगेल कोटो दोघेही मुळात डावखुरे, पण आयुष्यभर ऑर्थोडॉक्स लढले. म्हणजे त्यांचा ताकदीचा हात पुढे होता आणि त्यांच्या डाव्या हुकची, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाची, जी दहशत होती तिचं मूळ तिथे होतं. वासिल लोमाचेन्को उजव्या हाताचा, पण साउथपॉ. क्रॉफर्डही उजव्या हाताचाच आहे. तो साउथपॉ उभा राहायचा तेव्हा त्याचा पुढचा हात, ज्याच्याकडून समोरचा नुसत्या हलक्या जॅबची अपेक्षा करत असायचा, तोच त्याचा तयार हात असायचा. ब्रूस ली तर उघडपणे सांगायचा की चपळ आणि बळकट बाजू पुढेच ठेवा, कारण लढाईत सगळ्यात जास्त काम पुढच्या हातालाच असतं.

तेव्हा हाताचं डावं-उजवं वेगळं आणि पवित्र्याचं डावं-उजवं वेगळं. पवित्रा म्हणजे शरीर कुठल्या बाजूने समोर ठेवायचं याची लागलेली सवय. ती सवय लहानपणी कोचने लावलेली असते, कधी मुद्दाम तर कधी विचार न करता.

दोघांमधली मोकळी वाट

हे वाचून समजणार नाही, करून बघावं लागेल. घरातल्या कुणालातरी समोर उभं करा. दोघांनीही डावा पाय पुढे ठेवा. आता तुमचा पुढचा पाय आणि त्याचा पुढचा पाय एकमेकांसमोर येत नाहीत, तिरके पडतात. तुमच्या जॅबला त्याच्या तोंडापर्यंत मोकळी वाट आहे. मागचा उजवा हात मारायचा झाला तर मात्र त्याचा पुढचा डावा खांदा मध्ये येतो. जगभरातले बहुतेक बॉक्सर ऑर्थोडॉक्स असल्यामुळे बहुतेक लढतींत हीच रचना असते. जॅबने रस्ता उघडायचा आणि मागून क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, आणायचा.

आता त्याला उजवा पाय पुढे घ्यायला सांगा. पुढचे पाय एकदम आमनेसामने येतात, अंगठ्यावर अंगठा पडेल इतके. पुढचे हातही समोरासमोर येतात आणि एकमेकांच्या जॅबला अडवू लागतात. दुसऱ्या बाजूला, म्हणजे तुमच्या उजव्या आणि त्याच्या डाव्या हाताच्या बाजूला, मोठी मोकळी जागा दिसते. तुमचा मागचा हात सरळ रेषेत त्याच्या हनुवटीवर आहे आणि त्याचा तुमच्या. मघाशी जे हत्यार झाकलेलं होतं तेच आता दोघांच्याही हाती उघडं आहे.

ऑर्थोडॉक्स विरुद्ध साउथपॉ लढत वेगळी दिसते ती यामुळे. पुढचे हात सारखे एकमेकांवर टपल्या मारत राहतात, मध्येच डोक्याला डोकं लागतं, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडतो. प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटणारा हा हातांचा खेळ खरं तर वाटेच्या मालकीचा झगडा असतो. समोरच्याचा पुढचा हात एका क्षणापुरता खाली दाबता आला, की त्याच क्षणी मागचा हात सुटतो.

खाली पायांतही असाच झगडा चालू असतो. तुमचं पुढचं पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला पडलं, तर तुमचा मागचा खांदा थेट त्याच्या शरीराच्या मध्यरेषेवर येतो आणि त्याला मात्र तुमच्याकडे वळायला लागतं. म्हणून साउथपॉविरुद्ध लढायला निघालेल्या प्रत्येक ऑर्थोडॉक्स बॉक्सरला एकच वाक्य ऐकवलं जातं, पाय बाहेर ठेव. वाक्य चुकीचं नाही, पण त्याचा मंत्र झालाय. दोघंही बाहेरच पाय टाकायला धावले तर दोघंही गोल गोल फिरत राहतात. पाऊल आत ठेवून पुढच्या हाताचा हुक मारणारे किंवा आतूनच मध्यरेषा धरणारे चांगले बॉक्सरही आहेत. पाय कुठे आहे यापेक्षा त्या क्षणी कुणाचा खांदा कुणाच्या हनुवटीकडे रोखलेला आहे, हे बघायचं.

मोकळी वाट दोघांनाही मिळते हे विसरलं की काय होतं, ते ८ डिसेंबर २०१२ ला लास व्हेगसमध्ये दिसलं. साउथपॉ मॅनी पॅक्विआओ आणि ऑर्थोडॉक्स हुआन मॅन्युएल मार्केझ यांची ती चौथी लढत. तिसऱ्या फेरीत मार्केझने पॅक्विआओला पाडलं होतं, पाचवीत पॅक्विआओने हिशोब चुकता केला होता. सहावी फेरी संपत आली, मार्केझ दोरांकडे सरकत होता आणि पॅक्विआओ झडप घालून आत शिरला. मार्केझने उजवा हात सरळ सोडला. पॅक्विआओ स्वतःच्याच वेगाने त्यावर येऊन आदळला आणि तोंडावर पडला तो उठलाच नाही. फेरीची वेळ २ मिनिटं ५९ सेकंद. ज्या वाटेने पॅक्विआओचा डावा हात आत जायचा, त्याच वाटेने मार्केझचा उजवा बाहेर आला.

यकृत उजवीकडे असतं

इथपर्यंत सगळं दोन्ही बाजूंना सारखं वाटतं. तसं ते नाही, कारण माणसाचं शरीर आतून सारखं नाही. यकृत उजवीकडे असतं, बरगड्यांच्या खालच्या कडेला. तिथे नीट बसलेला ठोसा किंवा किक खाल्लेला माणूस शुद्धीत असतो, पण पाय ऐकत नाहीत. एक-दोन सेकंद काही होत नाही आणि मग तो घडी घातल्यासारखा खाली बसतो.

ऑर्थोडॉक्स पवित्र्यात उजवी बाजू मागे असते, म्हणून यकृत थोडं दूर आणि आडोशाला असतं. समोर दुसरा ऑर्थोडॉक्स असेल तर त्याला तिथे पोचायला डावा हुक लागतो, आणि तो मारायला जवळ यावं लागतं. समोर साउथपॉ आला की चित्र पालटतं. त्याचा मागचा डावा हात आणि मागचा डावा पाय, म्हणजे त्याची दोन्ही जड हत्यारं, थेट तुमच्या उजव्या बाजूला येतात. मोकळी वाटही त्याच बाजूला आणि यकृतही तिथेच. उलट ऑर्थोडॉक्स माणसाचा उजवा हात-पाय साउथपॉच्या डाव्या बाजूला लागतो. तिथे लागलं तरी दुखतंच, पण तिथे यकृत नाही. साउथपॉला याची किंमतही मोजावी लागते. त्याची उजवी बाजू पुढे असल्यामुळे यकृत समोरच्याच्या डाव्या हाताजवळ येतं आणि पुढचं कोपर जरा वर गेलं की डाव्या हुकला जागा मिळते. थायलंडच्या मुए थाई या किकबॉक्सिंगच्या प्रकारात डाव्या पायाची मधली किक मारणाऱ्या साउथपॉंना एवढा मान आहे, त्याचं अर्धं कारण या एका अवयवाच्या जागेत आहे.

ही मोकळी बाजू वर डोक्यापर्यंत जाते. २० ऑगस्ट २०२२ ला सॉल्ट लेक सिटीत यूएफसी २७८ या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (ठोसे, किक आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाच्या) कार्यक्रमात विजेता कमारू उस्मान गुणांवर आरामात पुढे होता. पाचव्या फेरीचा शेवटचा मिनिट सुरू झाला होता. साउथपॉ लिऑन एडवर्ड्सने डावा हात दाखवला. उस्मानने त्या हातापासून डोकं वाचवायला ते आपल्या उजवीकडे नेलं, आणि हाताच्या मागोमाग त्याच बाजूने डावा पाय आला. ५६ सेकंद उरले असताना विजेता बदलला. हात आणि पाय दोन्ही एकाच मोकळ्या वाटेने येतात, त्यामुळे एकापासून वाचायला केलेली हालचाल दुसऱ्याच्या तोंडी देते.

कमी असण्याचा फायदा

माणसांत डावखुरे साधारण दहा टक्के. लढतींच्या खेळांत साउथपॉंचं प्रमाण त्याहून जास्त आढळतं. २०१९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १३ हजारांहून अधिक बॉक्सर आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स लढवय्यांच्या नोंदी तपासल्या. डावरे लढवय्ये अपेक्षेपेक्षा जास्त भरले आणि सरासरी थोडे जास्त जिंकतानाही दिसले. कारण सरळ आहे. साउथपॉ रोज ऑर्थोडॉक्स माणसांशीच सराव करतो, कारण क्लासमध्ये दुसरं कुणी नसतंच. ऑर्थोडॉक्स माणसाला साउथपॉ कधीतरी भेटतो. एकासाठी ती रोजची लढत आणि दुसऱ्यासाठी परीक्षेतला अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न.

याच कारणाने एके काळी साउथपॉंशी कुणी लढायला तयार नसे आणि प्रशिक्षक डावखुऱ्या पोरांना बळजबरीने ऑर्थोडॉक्स करत. हेवीवेट गटाला पहिला साउथपॉ विश्वविजेता मिळायला १९९४ उजाडलं. त्या एप्रिलमध्ये मायकल मूररने इव्हँडर होलिफील्डला हरवलं. नोव्हेंबरमध्ये ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनने मूररला दहाव्या फेरीत झोपवलं, आणि तेही सरळ उजव्या हाताने, साउथपॉविरुद्धच्या सगळ्यात जुन्या उत्तराने.

मध्येच बदलायचं म्हणजे

क्रिकेटमध्ये डावखुरा फलंदाज आला की क्षेत्ररक्षण हलतं, गोलंदाजाला टप्पा बदलावा लागतो, साइटस्क्रीन सरकते. आता कल्पना करा की फलंदाज चेंडूगणिक बाजू बदलतोय. पवित्रा बदलणारा बॉक्सर समोरच्याच्या डोक्यात हाच गोंधळ उडवतो. तीन फेऱ्या घालवून समोरच्याने अंतर मोजलेलं असतं, कुठला हात कुठून येतो हे डोळ्यांना सवयीचं झालेलं असतं, पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे ठरलेलं असतं. पाय बदलला की ही सगळी कमाई शून्यावर येते आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. गॅम्बोआचं हेच झालं. उजवा हात पुढे ठेवणाऱ्या क्रॉफर्डचं अंतर वेगळं होतं, हुकची दिशा वेगळी होती आणि डावा हात आता मोकळ्या वाटेवर होता.

मात्र हा फायदा आपोआप मिळत नाही. ज्या क्षणी दोन्ही पाय एका रेषेत येतात, त्या क्षणी तुमच्याकडे पुढचा पाय नाही आणि मागचाही नाही. पुढून रेटा आला तर तोल सावरायला काही नसतं. छाती उघडी, मध्यरेषा उघडी आणि मारायला जोर नाही. त्या वेळी आलेला साधा जॅबही माणसाला बसवतो. क्लासमधल्या पोरांना बसतो तो हाच जॅब. म्हणून जाणकार बॉक्सर हा क्षण लपवतो. एक तर समोरच्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर असताना बदलतो, नाहीतर समोरचा दुसऱ्या कामात गुंतलेला असताना.

समोरच्याला गुंतवायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे ठोशाबरोबरच पाऊल टाकणं. १७ मार्च १८९७ ला नेवाडातल्या कार्सन सिटीत बॉब फिट्झसिमन्सने जेम्स कॉर्बेटला असंच हरवलं. फिट्झसिमन्स पेशाने लोहार, न्यूझीलंडमध्ये वाढलेला. चौदाव्या फेरीत त्याने मागचा उजवा पाय पुढे टाकला. त्या पावलाने तो एकदम साउथपॉ झाला आणि डावा हात, जो क्षणापूर्वी पुढचा हलका हात होता, तो मागचा जड हात झाला. तोच कॉर्बेटच्या छातीच्या हाडाखालच्या खळग्यात बसला. कॉर्बेट शुद्धीत होता, पण श्वास घेता येत नव्हता आणि दहा आकडे मोजून झाले. सोलर प्लेक्सस पंच हे नाव त्यानंतर घरोघरी पोचलं. लक्षात घ्यायचं ते एवढंच की पवित्रा बदलण्यासाठी वेगळा वेळ त्याने घेतलाच नाही. बदल आणि ठोसा एकाच पावलात झाले.

शाळेत असताना कराटेच्या क्लासला गेलेल्यांनी हे हजारदा केलेलं असतं, फक्त कुणी समजावून सांगितलेलं नसतं. ओळीत उभं राहून एक पाऊल पुढे, एक ठोसा, पुन्हा पाऊल, पुन्हा ठोसा. ती ओई-झुकी. प्रत्येक पावलाला पवित्रा बदलतो. तिथे सर ‘कंबर, कंबर’ ओरडत राहतात ते यासाठी, की पाय पोचण्याआधी कंबर वळली नाही तर ठोसा रिकामा जातो.

किक मारणाऱ्यांकडे आणखी सोपी युक्ती असते. मागच्या पायाने किक मारली की तो परत मागे आणायचा नाही, सरळ पुढे टेकवायचा. पवित्रा बदललेला असतो आणि समोरचा अजून किक अडवण्यातच असतो. माघार घेतानाही हे जमतं. पुढचा पाय मागे घेत सरकलं की समोरचा पाठलाग करत येतो आणि नव्या मागच्या हातावर येऊन पडतो. पुढच्या पायावर फिरून बाजूला जातानाही पवित्रा आपसूक बदलतो. जागच्या जागी उडी मारून पाय बदलण्याचा प्रकार सगळ्यात दिखाऊ आणि माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात घातक. मुए थाईतली स्विच किक अशाच अदलाबदलीने सुरू होते, हे खरं, पण तिथे उडी इतकी छोटी असते की पाय जमिनीवरून जेमतेम उचलतात आणि त्याच झटक्यात किक निघते.

हॅग्लरच्या फेऱ्या

पवित्रा बदलण्यात ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यालाच एकदा हा बदल महाग पडला. ६ एप्रिल १९८७, लास व्हेगसचं सीझर्स पॅलेस. मार्व्हिन हॅग्लर १९८० पासून मिडलवेटचा विजेता. साउथपॉ, पण दोन्ही बाजूंनी तितक्याच सहजतेने लढणारा. समोर शुगर रे लेनर्ड, जवळजवळ तीन वर्षं रिंगपासून लांब राहून परतलेला. घंटा झाली आणि हॅग्लर ऑर्थोडॉक्स पवित्र्यात पुढे आला.

लेनर्ड स्वतः ऑर्थोडॉक्स. म्हणजे गंजलेल्या, परत लय शोधणाऱ्या माणसाला हॅग्लरने आयतीच ओळखीची रचना दिली. डावा हात डाव्या हाताच्या पलीकडे, जॅबला मोकळी वाट, सगळं रोजच्या सरावातलं. सुरुवातीच्या फेऱ्या लेनर्डने नाचत, टिचक्या मारत खिशात घातल्या. हॅग्लर मग साउथपॉवर आला आणि लढत खरी लढत झाली, पण बारा फेऱ्या संपल्यावर निकाल विभागून लागला. एका पंचाने हॅग्लरला ११५-११३ दिलं, दुसऱ्याने लेनर्डला ११५-११३ आणि तिसऱ्याने लेनर्डला चक्क ११८-११०. तिसऱ्या आकड्यावर लोक आजही भांडतात. मला त्यापेक्षा दुसरा आकडा बोलका वाटतो. त्या कार्डावर एक फेरी जरी इकडून तिकडे झाली असती तर ११४-११४ झालं असतं, एकूण लढत बरोबरीत सुटली असती आणि बरोबरीत पट्टा विजेत्याकडेच राहतो. दोन फेऱ्या फिरल्या असत्या तर हॅग्लर जिंकला असता. तो त्यानंतर पुन्हा लढला नाही.

क्रॉफर्ड आणि हॅग्लर दोघांनाही दोन्ही बाजू येत होत्या. क्रॉफर्डने बदल केला तो समोरच्याचं जमलेलं बिघडवायला. हॅग्लरच्या बदलाने समोरच्याचं बिघडलेलं जमलं.

पायांवर मार बसतो तेव्हा

मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे पायांवरही हल्ला होतो. पवित्रा सारखा असेल तर मागच्या पायाची खालची किक समोरच्याच्या पुढच्या पायावर बाहेरून बसते. गुडघ्याच्या जरा खाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला पायाचं पाऊल उचलणारी नस कातडीच्या अगदी जवळून जाते. तिथे चार-पाच किक बसल्या की पाऊल लुळं पडतं. जानेवारी २०२१ मध्ये अबू धाबीत डस्टिन पॉरियेने कॉनर मॅकग्रेगरचा पुढचा पाय असाच निकामी केला आणि दुसऱ्या फेरीत हातांनी काम संपवलं. दोघंही साउथपॉ होते. पाय मागे घेऊन वाचवता आला नसता का, असं पाहणाऱ्याला वाटतं. आला असता, पण मग मॅकग्रेगरचा तो प्रसिद्ध डावा हात मागून पुढे आला असता आणि त्याची सगळी लढत त्या एका हातावर उभी होती. पाय वाचवायचा तर हात सोडावा लागणार, असा तो पेच होता.

कुस्तीतून आलेल्यांची अडचण निराळीच असते. ऑलिंपिक पद्धतीच्या कुस्तीत उजव्या हाताचे बरेच पैलवान उजवा पाय पुढे ठेवून वाकतात, कारण झडप पुढच्या पायावरून निघते. तेच लोक ठोसे शिकायला आले की त्यांना डावा पाय पुढे घ्यायला सांगितलं जातं आणि त्यांची झडप हरवते. दोन्ही पवित्रे येणाऱ्याला हा प्रश्नच उरत नाही. टी. जे. डिलशॉ हा मुळात कुस्तीगीर. २४ मे २०१४ ला त्याने २००५ पासून एकही लढत न हरलेल्या रेनान बराओला पाच फेऱ्यांत संपवलं, तेव्हा बराओला शेवटपर्यंत कळलं नाही की समोरच्याचा कुठला पाय पुढे आहे. डिलशॉ पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात दोन वर्षं बंदी भोगून आला, त्यामुळे त्याचं नाव आदराने घेणं अनेकांना जड जातं. त्या रात्रीचे पाय मात्र शिकण्यासारखे होते.

शिकायचं कसं

इंग्लंडच्या शेफील्ड शहरात विन्कोबँक नावाचा कामगारवस्तीचा भाग आहे. तिथे मूळचे डब्लिनचे ब्रेंडन इंगल यांनी बॉक्सिंगचा क्लब चालवला. जमिनीवर रेषा रंगवलेल्या असत. लहान-मोठी सगळी मुलं त्या रेषांवरून पुढे-मागे जात, कधी डावा पाय पुढे तर कधी उजवा, वळणावर फिरत आणि हवेत ठोसे मारत. सरावाच्या लढतींत डोक्यावर मारायचं नाही, फक्त अंगावर. त्यामुळे पाय बदलताना चूक झाली तरी मेंदूला किंमत मोजावी लागत नसे. सातव्या वर्षी तिथे आलेला नसीम हमीद १९९५ मध्ये विश्वविजेता झाला, कमरेशी हात सोडून आणि कुठल्याही पायावरून ठोसे मारत. त्याच्या नखऱ्यांची नक्कल सगळ्यांनी केली. रेषांवरच्या येरझारांची फार थोड्यांनी केली.

आपल्याकडे दोन्ही बाजू शिकायच्या असतील तर पहिली अट म्हणजे एक बाजू नीट बसलेली हवी. जॅब मारून हात हनुवटीवर परत येत नाही तोवर दुसरी बाजू शिकणं म्हणजे चुका दुप्पट करणं. त्यानंतर दुसऱ्या बाजूची सुरुवात ठोशांनी करू नका, चालण्याने करा. उलटा पवित्रा घेऊन पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, पाय एकमेकांत न अडकता. मग जॅब, आणि जॅबपेक्षा जास्त बचाव. अनोळखी बाजूला हात मारायला पटकन शिकतो, पण डोकं हलवायला आणि गार्ड धरायला शिकत नाही. मार तिथेच बसतो. क्लासमध्ये हलक्या स्पॅरिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या, अख्ख्या फेऱ्या फक्त उलट्या बाजूने खेळा, मध्ये बदलायचं नाही. त्या बाजूने स्वतःला सांभाळता यायला लागलं की मग बदलाकडे वळा, आणि तेव्हाही एकच ठरलेला बदल घ्या. उजवा क्रॉस मारताना उजवा पाय पुढे टाकायचा आणि लगेच डावा हात, एवढाच पुरतो. कोचला पॅडवर तोच घ्यायला सांगा, कंटाळा येईपर्यंत. प्रत्येक बदलामागे पुढचा ठोसा कुठला हे ठरलेलं नसेल तर पाय जागेवर राहिलेले बरे.

समोरचाच पाय बदलणारा निघाला तर त्याच्या पायांकडे बघू नका, पाय फसवतात. छातीकडे बघा. छाती सपाट होऊन समोर आली की त्याचे पाय एका रेषेत आहेत, आणि तुमच्या जॅबला त्याहून चांगली वेळ मिळणार नाही. ती हुकली तर अर्धं पाऊल मागे घ्या, तुमचा पुढचा हात त्याच्या पुढच्या हाताजवळ आणा, आणि आता त्याचा मागचा हात कुठला आहे हे डोक्यात पक्कं झाल्यावरच पुन्हा आत शिरा.